विचारा की! : मोडणारा हँगर, तडकलेला फ्रिज आणि रबराचे दाणे

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो, की पांढरं प्लास्टिक वाकवलं की जिथे वाकतं तिथे अजून पांढरी रेघ उमटते ना, ती रेघ बघायला शिका, तिच्यात सगळं शास्त्र आहे. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की यंदाचं अख्खं पान त्यातच जाणार. मी काही प्राध्यापक वगैरे नाही, आयुष्य मोल्डिंग मशीनच्या गरम नळीशेजारी काढलंय, त्यामुळे उत्तरं पण तशीच, जरा तेलकट.

प्रश्न : काका, माझं कुंडईला छोटं युनिट आहे, दोन इंजेक्शन मशीन. हॉटेलवाल्यांना हँगर पुरवतो, कळंगुट-बागा साइडला बरीच गिऱ्हाईकं आहेत. यंदा सीझनमध्ये गठ्ठाभर हँगर परत आले, सगळे हुकाच्या मुळाशी मोडलेले. मी हिप्स आणि जीपी अर्धं-अर्धं मिक्स मारतो, खोटं कशाला बोलू, जीपी स्वस्त पडतं. ओळखीचा एकजण म्हणतो टायरची रबर पावडर मिळते ती थोडी टाक, माल टफ होईल. टाकू का? — एक वाचक, कुंडई

नको. पावडरचा विचार आधी डोक्यातून काढा, मग बाकीचं बोलू.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी, जीपी म्हणजे साधं पॉलिस्टायरीन, काचेसारखं स्वच्छ आणि काचेसारखंच तडकणारं, कॅसेटच्या डब्या त्याच्याच असायच्या (भजनाच्या कॅसेटचं बिजागर पहिल्या आठवड्यातच तुटायचं, आठवतंय?). आणि हिप्स म्हणजे त्याच पॉलिस्टायरीनमध्ये कारखान्यातच रबर घालून बनवलेलं हाय इम्पॅक्ट. रबर किती, तर वजनाने साधारण पाच ते दहा टक्के, बस. पण ते रबर मालात एक ते पाच मायक्रॉनच्या दाण्यांनी पसरलेलं असतं, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुम्हाला जी टायरची पावडर मिळेल ती चांगली बारीक, चाळीस मेशच्या चाळणीतून गेलेली धरली तरी तिचा दाणा चारशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे शंभर पटीने वगैरे मोठा, वर तो आधीच गंधक घालून पक्का शिजवलेला, पॉलिस्टायरीनला तो धरणारच नाही. भातात खडा लागावा तसा तो तुमच्या हँगरमध्ये बसणार आणि तडा तिथूनच सुरू होणार. रबर घातलं एवढं पुरत नाही हो, ते किती बारीक आहे आणि आजूबाजूच्या मालाला किती घट्ट धरून बसलंय त्यावर सगळा खेळ आहे.

आता तुमचं अर्धं-अर्धं. समजा हिप्समध्ये आठ टक्के रबर आहे, तुम्ही अर्धं जीपी टाकलं की राहिलं चार. खाच पाडलेल्या पट्टीवर हातोडा मारून आयझॉड टेस्ट करतात, तिच्यात साधं जीपी मीटरला पंधरा-वीस जूल दाखवतं आणि हिप्स ग्रेडप्रमाणे ऐंशीपासून दोनशेपर्यंत, म्हणजे तुम्ही कुठून कुठे खाली येताय बघा. थोडं जीपी सगळेच मारतात, हँगर ताठ राहतो, चकाकी येते, मी पण मारलंय, पण वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलात की हुक तुम्हाला सांगणारच. आणि जीपी मारायचंच असेल तर एसबीएसचे दाणे (चपलांच्या सोलला वापरतात तेच थर्मोप्लास्टिक रबर) पाचेक टक्के सोबत टाकून बघा, ते पॉलिस्टायरीनशी नातं ठेवून असतं कारण त्याच्या साखळीची (प्लास्टिकचा रेणू म्हणजे लांबलचक साखळीच) दोन्ही टोकं पॉलिस्टायरीनचीच असतात. फक्त एक अडचण, तुमच्या इंजेक्शन मशीनचा स्क्रू नीट मिक्सिंग करत नाही, दाणे वितळतात पण रेषा-रेषांनी राहतात, त्यामुळे बाहेरून ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंचं मिसळायचं मशीन) कंपाउंड, म्हणजे एकजीव, करून घेतलेलं बरं. आणि हे पण कितीही वाढवता येत नाही, रबर वाढलं की ताठपणा जातो, मग गिऱ्हाईक ओला जीन्सचा जॅकेट लटकवणार आणि हँगरचे खांदे पडणार.

पण खरं सांगू का, सगळे हँगर एकाच जागी मोडतायत म्हटल्यावर मला मालापेक्षा डायवर, म्हणजे साच्यावर, जास्त संशय आहे. हुकाच्या मुळाशी आतला कोपरा धारदार आहे का बघा. नखाने चाचपून बघा, कडक कोपरा लागला तर टूलरूमवाल्याकडून तिथे गोलाई घालून घ्या, जाडीच्या निम्मी तरी. धारदार कोपरा म्हणजे आपण स्वतःच हँगरला खाच पाडून गिऱ्हाईकाच्या हातात दिली. एवढ्या एका कामाने निम्मी तक्रार मिटेल असं माझं मत आहे आणि खर्च एका दिवसाचा. दुसरं, गेट, म्हणजे साच्यात माल शिरतो ती जागा, कुठे आहे? माल दोन बाजूंनी फिरून हुकाच्या मुळाशीच भेटत असेल तर तिथे वेल्ड लाइन येते, दिसायला केसासारखी रेघ, आणि त्या रेघेवर माल नीट विणलेला नसतो.

अजून दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. काळा मास्टरबॅच (रंगाचे दाणे) कसला घेता? स्वस्तातला 'सगळ्याला चालतो' म्हणून जो विकतात त्याचा बेस बऱ्याचदा पॉलिथिन असतो, आणि पॉलिथिन नि पॉलिस्टायरीन म्हणजे तेल नि पाणी, थर सुटतात. पॉलिस्टायरीन बेसचाच मागा. आणि पावसात आपल्याकडे लाइट जाते तेव्हा काय करता? मी ज्या कारखान्यात होतो तिथे एकदा जूनमध्ये दोन तास लाइट नव्हती, नळी गरमच, माल आत शिजत बसला, लाइट आल्यावर सुपरवायझरने पर्ज न मारता, म्हणजे नळीतला जुना माल बाहेर न काढता, तसंच मशीन सुरू केलं कारण डिस्पॅच होता. माल दिसायला जवळजवळ नेहमीचाच, किंचित पिवळट. महिन्याभरात सगळा लॉट परत. नळीत जास्त वेळ जास्त गरम राहिलं की आतलं रबर कडक होतं, साखळ्या तुटतात, आणि मग नाव हिप्स आणि वागणं जीपीचं. दोनशे ते दोनशे चाळीस अंशात काम भागतं, उगाच फ्लो मिळावा म्हणून दोनशे सत्तरला नेऊ नका. रनर (साच्याच्या वाटेत उरलेला घट्ट माल) दळून परत टाकता तो पण वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत ठेवा.

टेस्टिंगसाठी लॅब लागत नाही. अर्धा किलोचं लोखंडी वजन, एक पीव्हीसी पाइप उभा धरायचा, त्यातून वजन हँगरच्या मुळावर सोडायचं. एक मीटरवरून सोडलं तर पाच जूलच्या जरा कमी मार बसतो. मोडला तर उंची पाच सेंटीमीटर कमी करून पुढचा पीस, नाही मोडला तर पाच सेंटीमीटर वाढवून पुढचा, असे वीस-पंचवीस पीस केले की कुठल्या उंचीला निम्मे मोडतात ते कळतं. माल मशीनमधून काढल्या काढल्या मारू नका, एक दिवस ठेवून मारा. आणि आकडे वहीत लिहा, माल बदलला की परत. ज्याच्याकडे अशी वही असते त्याला माल विकणारा सहसा फसवत नाही, हा आपला माझा अनुभव.

प्रश्न : सर, मी फार्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक गोष्ट डोक्यात बसत नाही. रबर तर मऊ, त्याची ताकद काहीच नाही, मग ठिसूळ मालात मऊ वस्तू घातल्यावर तो चिवट कसा होतो? आणि साइझ एवढी महत्त्वाची का? प्रोजेक्टसाठी पण काही सुचवा. — एक विद्यार्थिनी, फोंडा

हा प्रश्न मी स्वतः नोकरीला लागल्यावर तीन वर्षं कोणाला विचारायला लाजत होतो, तुम्ही विचारलात ते बरं केलंत.

पॉलिस्टायरीनला ताण दिला की आधी तडा जात नाही, आधी 'क्रेझ' होते. बारीक भेगेसारखी दिसते पण भेग नसते, कारण तिचे दोन काठ असंख्य बारीक धाग्यांनी जोडलेले असतात, गुळाचा पाक दोन बोटांत धरून ताणला की कशा तारा निघतात तसं. आत अर्धा माल नि अर्धी पोकळी. त्या तारा ओढायला बरीच ताकद खर्च होते, म्हणजे क्रेझ ही चांगली गोष्ट आहे. साध्या जीपीचं दुखणं असं की त्यात अशा क्रेझ मोजक्याच होतात, सगळा जोर एखाद-दुसरीवर येतो, तिच्या तारा पटापट तुटतात आणि तिचीच भेग होऊन पीस दोन तुकडे.

आता त्यात रबराचे दाणे आहेत असं धरा. रबर मऊ, ते भार घेत नाही, त्यामुळे भार त्याच्या बाजूने वळून जातो आणि दाण्याच्या कमरेवर, म्हणजे ताणाच्या आडव्या बाजूला, गर्दी करतो. तिथे क्रेझ सुरू होते. प्रत्येक दाण्याच्या कमरेवर. एका पिसात असे कोट्यवधी दाणे, म्हणजे एक मोठी क्रेझ होण्याऐवजी लाखो बारीक होतात, आणि एक क्रेझ थोडी पुढे गेली की समोर दुसरा दाणा उभा, तो तिला अडवतो. आपल्या खाजनात (खाडीकाठची बांध घातलेली शेतं) बघा, भरतीचं पाणी एका जागी बांध फोडून शिरलं तर शेत गेलं, तेच मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, थोडं थोडं घेतलं तर भात पण येतं आणि कोळंबी पण. वाकवल्यावरची ती पांढरी रेघ म्हणजे याच लाखो क्रेझ, त्यांच्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. हे १९६५ साली बकनॉल आणि स्मिथ या दोघांनी नीट दाखवून दिलं, त्याआधी लोकांना वाटायचं की रबरच सगळा मार शोषून घेतं. तुमच्या मनात जी शंका आली ती म्हणजे अगदी बरोबर जागी आली, रबर स्वतः फार काही शोषत नाही, ते आजूबाजूच्या पॉलिस्टायरीनला कामाला लावतं. आमच्याकडचे काही सुपरवायझर पण असेच होते.

साइझचं असं, की पॉलिस्टायरीनमध्ये दाणा एक मायक्रॉनच्या खाली गेला तर त्याच्याने ना क्रेझ नीट सुरू होते ना थांबते. फार मोठा, म्हणजे पाचाच्या पुढे गेला तर तेवढ्याच रबरात दाण्यांची संख्या घटते, आणि पृष्ठभाग खडबडीत होऊन चकाकी जाते. दोन-तीन मायक्रॉनच्या आसपास बरं जमतं. एबीएसमध्ये (रबर घातलेलं दुसरं प्लास्टिक, हिप्सचाच भाऊबंद) मात्र बहुतेक अर्ध्या मायक्रॉनच्या आतलेच दाणे चालतात कारण तिथला मूळ माल वेगळा, तो क्रेझ न होता आतल्या आत घसरून पण ताण सोडतो. काही ग्रेडमध्ये मुद्दाम लहान दाणे जास्त आणि थोडे मोठे असं मिश्रण ठेवतात, चकाकीला लहान आणि मारापुरते मोठे.

आता खरी गंमत दाण्याच्या आत आहे. तो भरीव रबराचा गोळा नसतो. डाळिंब आठवा, पातळ पापुद्रे रबराचे आणि आतले दाणे पॉलिस्टायरीनचे! त्यामुळे सात टक्के रबर वीस-तीस टक्के जागा व्यापतं. थोडक्या रबरात मोठं काम, आणि माल फार मऊ पण पडत नाही.

हे डाळिंब कसं तयार होतं तर लोणी निघतं तसं, आणि ही उपमा नुसती शोभेची नाही, प्रकार तोच आहे. पॉलिब्युटाडाइन रबर आधी द्रव स्टायरीनमध्ये विरघळवतात, मग स्टायरीनचं पॉलिस्टायरीन व्हायला लागतं. सुरुवातीला रबराच्या द्रावणात पॉलिस्टायरीनचे थेंब. पॉलिस्टायरीन वाढत जातं, आणि साधारण दहा-पंधरा टक्के काम झालं की दोघांचं आकारमान सारखं होतं, त्या वेळी ढवळणं बरोबर असेल तर उलटापालट होते, जे बाहेर होतं ते रबर थेंब बनून आत जातं, जाताना पोटात थोडं पॉलिस्टायरीन घेऊन जातं. सायीत पाण्यात स्निग्धाचे थेंब असतात, घुसळलं की उलटून स्निग्धात पाण्याचे थेंब होतात, आई रवी किती जोरात फिरवते त्यावर लोणी कसं येतं ठरतं की नाही? इथे पण ढवळण्याच्या जोरावर दाण्याची साइझ ठरते.

आणि ढवळायचं सुचलं नाही म्हणून एका माणसाची संधी कशी गेली ते ऐका. स्टायरीन तसं जुनं, १८३९ साली बर्लिनच्या एदुआर्ट सिमोन नावाच्या औषधवाल्याने झाडाच्या डिंकातून काढलेलं. रबर स्टायरीनमध्ये विरघळवून त्याचं प्लास्टिक करायचं पेटंट ऑस्त्रोमिस्लेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९२७ सालीच घेतलेलं. कल्पना तीच! पण ढवळणं नव्हतं, त्यामुळे उलटापालट व्हायची नाही, रबराचं जाळं तसंच राहायचं आणि माल नीट मोल्ड व्हायचा नाही. मग महायुद्धात कृत्रिम रबरासाठी अमेरिकेत स्टायरीनचे मोठाले कारखाने उभे राहिले, युद्ध संपल्यावर एवढ्या स्टायरीनचं करायचं काय हा प्रश्न, आणि डाऊ कंपनीच्या एमॉस, मॅककर्डी आणि मॅकिन्टायर या तिघांनी ढवळत ढवळत करायची पद्धत बसवली, तिचं पेटंट १९५४ चं. मधे सत्तावीस वर्षं गेली.

अजून दोन कळीच्या गोष्टी सांगून सोडतो. काही पॉलिस्टायरीनच्या साखळ्या रबराच्या साखळीवरच उगवायला पाहिजेत, याला ग्राफ्टिंग म्हणतात, तेच दाण्याला मालाशी बांधून ठेवतं. त्यासाठी सुरुवात कोणत्या रसायनाने करता ते महत्त्वाचं, बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं असलं तर ते रबरावरचा हायड्रोजन काढून जागा करून देतं, एआयबीएन नावाच्या दुसऱ्या रसायनाने तसं होत नाही. आणि शेवटी दोनशे अंशांच्या पुढे उरलेलं स्टायरीन उडवून देतात तेव्हा रबर थोडं आतल्या आत बांधलं जातं. अजिबात नाही बांधलं गेलं तर मशीनच्या स्क्रूमध्ये दाणे फाटतात, जास्त बांधलं गेलं तर रबर ताठ होऊन निरुपयोगी. भाजीत मीठ.

प्रोजेक्टसाठी : दोन-तीन ग्रेडचे हिप्सचे दाणे घ्या, एक ग्रॅम मोजून टोल्युइनमध्ये रात्रभर हलवत ठेवा (फ्यूम हूडमध्येच, घरी अजिबात नाही). मोकळं पॉलिस्टायरीन विरघळतं, रबराचे दाणे फुगून तसेच राहतात, सेंट्रिफ्यूज करून खाली बसवा, वाळवून वजन करा. रबर सातेक टक्के आणि हे खाली बसलेलं (त्याला जेल म्हणतात) मात्र वीसच्या पुढे भरेल, तो फरक म्हणजे तुमचं डाळिंब आणि ग्राफ्टिंग. मग त्याच ग्रेडच्या पट्ट्या आयझॉडवर मोडा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. परीक्षक खूश होतील आणि तुम्हाला पण मजा येईल.

प्रश्न : नमस्कार काका. आमच्या फ्रिजच्या आतल्या पांढऱ्या भिंतीला दरवाजाच्या कप्प्याजवळ तडे गेलेत. कोणी आपटलेलं नाही काही नाही. मेकॅनिक म्हणतो तुम्हीच काहीतरी ठोकलं असणार. सासूबाई माझ्याकडे बघतात. — एक गृहिणी, मडगाव

सासूबाईंना हे पान वाचून दाखवा. ती भिंत बहुतेक फ्रिजमध्ये हिप्सची असते, पत्रा गरम करून साच्यावर ओढून बनवलेली, त्यामुळे कोपऱ्यात ती ताणून पातळ झालेली असते आणि तिथे आधीपासूनच आत ताण अडकलेला असतो. अशा ताणलेल्या जागी तेल किंवा स्निग्ध लागलं की ते हळूहळू आत झिरपतं, क्रेझमधल्या त्या तारा सैल करतं, आणि महिन्यांनी आपोआप तडा जातो, कोणी हात न लावता. आपल्याकडे तर खोबरेल तेलाची बाटली फ्रिजच्या दारात, लोणी दारात, वरच्या कप्प्यातली चोरीस (गोव्याचं सॉसेज) गळतेय, आणि लिंबं कापून ठेवलेली. लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीतलं तेल तर पॉलिस्टायरीन चक्क विरघळवतं, विश्वास नसेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर संत्र्याची साल पिळा, खड्डा पडतो.

भिंतीमागे फोम भरताना वापरतात तो वायू पण हिप्सला त्रास देऊ शकतो, जुन्या काळचे काही जास्तच देत, आताचा सायक्लोपेंटेन त्या मानाने सौम्य. म्हणून फ्रिजसाठी वेगळी हिप्स ग्रेड असते, रबर जरा जास्त आणि दाणे जरा मोठे. तरीपण तेल ते तेल.

आता करायचं काय, तर तडा कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा आणि न्यूट्रल सिलिकॉन नाहीतर इपॉक्सीने बंद करा, म्हणजे मागच्या फोममध्ये पाणी जाणार नाही. थिनर, टर्पेंटाइन, संत्र्याच्या वासाचे क्लीनर लावू नका. आणि तडा पुढे जाऊ नये म्हणून टोकाला भोक पाडा असं कोणी सांगेल, ते फ्रिजमध्ये अजिबात करू नका, मागे गॅसची नळी असू शकते. तेलाच्या बाटलीखाली एक ताटली ठेवा.

प्रश्न : आम्ही चारजण मालिम जेटीवरचे मोडके थर्माकोलचे मासळीचे बॉक्स गोळा करतो. वितळवून रबर घातलं तर हिप्स होईल का? — एक वाचक, बेती

विचार चांगला आहे म्हणून सरळ सांगतो. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच, पण त्यात अठ्ठ्याण्णव टक्के हवा, त्यामुळे टेम्पोभर माल म्हणजे हातात काही किलो. पहिला खर्च दाबायच्या मशीनचा. दुसरा धुण्याचा, खारं पाणी, खवले, माशाचं तेल, सगळं निघालं पाहिजे, नाहीतर वासच येईल. उघड्या भट्टीवर कढईत वितळवायचं स्वप्न सोडा, तो धूर वाईट असतो.

खरं हिप्स त्यातून होणार नाही, कारण ते डाळिंब द्रव स्टायरीनपासूनच बनतं, तयार पॉलिस्टायरीनमध्ये मागाहून रबर ढवळून नाही बनत. पण ट्विन स्क्रूवर दहा-पंधरा टक्के एसबीएस मारून बऱ्यापैकी चिवट दाणा मिळतो, किंवा चांगल्या हिप्समध्ये तुमचा माल थोडा मिसळून. फोटोफ्रेमच्या पट्ट्या, पट्ट्यांचे कोपरे, असला माल यातून जगभर निघतो. दर वेळी गरम केलं की साखळ्या आखूड होतात हे लक्षात ठेवा, म्हणून ज्याच्यावर वजन येतं अशा वस्तूच्या मागे लागू नका. चतुर्थीच्या मखराचं थर्माकोल मात्र मिळेल असं धरून चालू नका, सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी दुकानात दिसतं ते वेगळं.

प्रश्न : बाल्कनीत ठेवलेला मुलाचा पांढरा प्लास्टिकचा ट्रक वर्षभरात पिवळा पडला आणि हातात चुरा झाला. नवा होता तेव्हा आपटून मोडत नव्हता. — एक वाचक, वास्को

ऊन. जे रबर त्याला वाचवत होतं तेच उन्हात आधी मेलं. पॉलिब्युटाडाइनमध्ये दुहेरी बंध असतात, ऊन आणि हवेतला ऑक्सिजन ते धरतात, वरचा पातळ थर ठिसूळ होतो, आणि मग तडा वरून सुरू होऊन आत पळतो, आतला माल चांगला असला तरी त्याचा उपयोग होत नाही. हिप्स बाहेर ठेवायची वस्तूच नाही. बाहेरच्या कामाला एएसए नावाचं असतं, त्यात ॲक्रिलिक रबर, त्याला हे दुहेरी बंध नसतात. काळा रंग असता तर थोडं जास्त टिकलं असतं.

प्रश्न : आजोबा, मी सहावीत आहे. माझी पारदर्शक पट्टी बेंचवर वाजवताना मोडली. दादाची पांढरी पट्टी वाकते पण मोडत नाही. मग पारदर्शक आणि न मोडणारी पट्टी का नाही करत? — एक वाचक, साखळी

अरे वा. तुझी पट्टी जीपीची असणार आणि दादाची हिप्सची. हिप्समधले रबराचे दाणे आणि बाजूचा माल उजेडाला वेगवेगळा वाकवतात, आणि दाणे उजेडाच्या लहरीपेक्षा मोठे, म्हणून उजेड इकडेतिकडे उडतो आणि पट्टी दुधासारखी दिसते. ढगासारखं. पारदर्शक पाहिजे तर रबराचे भाग इतके बारीक करायचे की उजेडाला ते दिसलेच नाही पाहिजेत. तसं प्लास्टिक असतं, स्टायरीन आणि ब्युटाडाइनच्या साखळ्या एकमेकींना जोडून केलेलं, स्वच्छ दिसतं आणि चांगलं वाकतं, पण महाग, दहा रुपयांच्या पट्टीला कोण घालणार?

तोवर मोडलेल्या पट्टीचा एक तुकडा आणि दादाची पट्टी (विचारून हं) उन्हाकडे धरून हळू वाकव. तुझ्या तुकड्यात चांदीसारख्या चकाकणाऱ्या दोन-चार बारीक रेघा दिसतील, दादाच्यात मात्र अख्खा पट्टा पांढरा होईल. किती रेघा मोजल्यास ते मला कळव. आणि बाईंच्या तासाला पट्टी वाजवू नको.